लिलियान परत येते

बुधवारी सकाळी, नेहमीच्या कॅफेत उभ्यानं कॉफी घेताना, ल्युसियाँ बारादुकनं वर्तमानपत्रातलं एक वाक्य वाचलं आणि कप तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबला. वाक्य काही मोठं जहरी नव्हतं. त्याच्या आधीच्या दोन ओळींत याहून जास्त विष होतं. ल्युसियाँनं लिहिलेल्या सिनेमातली गाणी कानाला गोड लागतात, नदी सुंदर दिसते, छत्तीस सालचा कामगारांचा संप शाळेच्या सहलीसारखा वाटतो, असं लिहून झाल्यावर त्या समीक्षकानं जाता जाता म्हटलं होतं, 'या सिनेमात खरं म्हणजे कुणी जातच नाही.' बस, एवढंच. पुढे तो कपडेपटाकडे वळला होता. ल्युसियाँनं ते वाक्य पुन्हा वाचलं. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी गाणी घालून पोट भरल्यावर, टीका काही त्याला नवी नव्हती. त्याच्या गाण्यांना लोकांनी भिकार म्हटलं होतं, उचललेली म्हटलं होतं, दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत ऐकायला बरी असंही एकानं लिहिलं होतं, आणि ते वाचून तो पोटभर जेवला होता. पण हे वाक्य लिहिणारा माणूस असेल पस्तिशीचा. त्यानं ल्युसियाँला कधी पाहिलेलं नाही, त्याच्या बहिणीला, ओर्तांसला पाहिलेलं नाही. त्याला कळलं कसं?

"सगळे पेपर बाजूला ठेवलेत तुमच्यासाठी, मस्यू ल्युसियाँ. एकाही गिऱ्हाइकाला हात लावू दिला नाही," काउंटरपलीकडून कॅफेचा मालक रेजिस म्हणाला. "हे बघा, इथे चार चांदण्या! आजीला घेऊन जा म्हणतोय. आमची आजी वारली, नाहीतर आजच नेली असती."

"आणि हा?"

"त्याचं सोडा हो. एवढं आंबट तोंड करून कोण लिहितं? बायको पळाली असणार त्याची."

आपल्याच विनोदावर रेजिस खो खो हसला. ल्युसियाँही हसला. अशा वेळी हसायचं त्याला पाच वर्षांचा असल्यापासून जमत होतं.

त्यानं पेपरांची चळत घेतली आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला. बुधवार म्हणजे नव्या सिनेमांचा दिवस, आणि बुधवारचे पेपर म्हणजे निकालपत्रक. 'लिलियानचा रविवार'चा निकाल असा लागला होता की आईबापांनी मुलाला मारावं की पेढा द्यावा हे कळू नये. खपाच्या पेपरनं चार चांदण्या देऊन डोळे पुसले होते. कामगारांची बाजू घेणाऱ्या पेपरनं बजावलं होतं की आमच्या आजोबांनी संपात कारखान्यांत रात्री काढल्या त्या अॅकॉर्डियन ऐकत नव्हे. एका भारदस्त साप्ताहिकानं, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, सिनेमाच्या नावापुढे एक छोटा चेहरा काढला होता. तो ना हसत होता, ना रडत होता. एका बाईनं दोन रकाने भरून लिहिलं होतं की मी शेवटी हमसून हमसून रडले, पण बाहेर आल्यावर कुणी खिसा कापून गेल्यासारखं वाटलं. सगळ्यांचं एकमत होतं ते फक्त एका गोष्टीवर. लिलियानचं काम करणाऱ्या क्लेमांसचा गाताना दम अपुरा पडतो. शेवटच्या ओळीत, भलत्याच जागी, शब्द अर्धा तोडून ती श्वास घेते. एवढी कसलेली नटी, आणि तिला कुणी सांगू नये?

ल्युसियाँनंच सांगितलं होतं तिला. तीन आठवडे बसून शिकवलं होतं. क्लेमांसचा दम घोड्याचा होता, ती बिचारी दर वेळी ओळ सबंध म्हणून टाकायची आणि मग कपाळावर हात मारून घ्यायची. 'इथे कुणी श्वास घेतं का हो?' ती विचारायची, आणि तो म्हणायचा, 'एक बाई घ्यायची.' सबंध सिनेमात, त्या सगळ्या दिव्यांत, नाचात, शंभर उसन्या टोप्यांत, तेवढी एकच गोष्ट खरी होती, आणि तेवढीच सगळ्यांना खटकली होती. याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण मन पुन्हा पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे जात होतं.

आईबद्दल त्याच्याजवळ फार थोडं होतं. पॅरिसबाहेर, ज्वँव्हिलच्या पुलापलीकडे, मार्न नदीच्या काठावर, त्याच्या बापाचा नाचाचा तंबूवजा हॉल होता. बाप, ओग्युस्त बारादुक, ओव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखातून कोळसा आणि वाइन विकायला आलेला माणूस. आयुष्यात एक पाऊल नाचला नसेल, पण रविवारी दोनशे जोड्या नाचवायचा. हॉलची जमीन लाकडी होती आणि नदीच्या ओल्या काठावर खांबांवर उभी होती. त्या फळ्यांखाली, खांबांच्या मध्ये, पाच वर्षांचा ल्युसियाँ बसून असायचा. वरून धूळ पडायची, तळलेल्या बारीक मासळीचा वास यायचा, सांडलेली वाइन फळीतून थेंब थेंब गळायची, आणि फटींतून बुटांचे तळवे दिसायचे. आईचे तळवे त्याला पाठ होते. डाव्या टाचेला लोखंडी नाल, उजव्या टाचेला नाही. ब्लांश बारादुक, दर रविवारी चार वाजता, अॅकॉर्डियनशेजारी उभी राहून गायची, आणि शेवटच्या ओळीत भलत्याच जागी श्वास घ्यायची. तेवढ्या क्षणापुरते सगळे पाय थबकायचे आणि मग पुन्हा सुरू व्हायचे. चेहरा त्याला आठवत नव्हता. खूप ताण दिला की एक पांढुरका डाग डोळ्यांपुढे यायचा, त्याला नाक-डोळे नव्हते. फोटो बापानं ठेवले नव्हते. छत्तीस सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, हॉल धुवायच्या दिवशी, ती दोऱ्याचं रीळ आणते म्हणून टोपी घालून गेली. बापानं दोन रविवार वाट पाहिली. तिसऱ्या रविवारी तिच्या नावाची पाटी खुंटीवरून काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूला मासळीचा भाव लिहून परत टांगली. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे आणखी एकवीस वर्षं, त्यानं ते नाव तोंडातून काढलं नाही. दहा वर्षांच्या ओर्तांसनं आईचा अॅप्रन कमरेशी दोनदा दुमडून बांधला आणि त्याच संध्याकाळी कांद्याचं सूप केलं. ते खारट झालं होतं, हे मात्र ल्युसियाँला लख्ख आठवत होतं.

पुढे मोठा झाल्यावर त्यानं शोध घेतला होता. माणूस मेला की त्याच्या जन्मगावच्या पालिकेत, जन्माच्या नोंदीच्या समासात, मृत्यूची तारीख लिहितात. कुठेही मरा, कागद फिरत फिरत जन्मगावी पोचतो आणि कारकून दोन ओळी लिहून टाकतो. ल्युसियाँनं चाळिशीत पहिल्यांदा आईच्या गावी पत्र टाकून नोंदीची नक्कल मागवली, आणि मग दर चार-पाच वर्षांनी मागवत राहिला. समास कोराच यायचा. मागच्या वर्षीही कोराच आला. म्हणजे कागदोपत्री ब्लांश बारादुक एकशे दोन वर्षांची होऊन अजून कुठेतरी जिवंत होती. परदेशात गेली असेल, दुसऱ्या नावानं राहिली असेल, लढाईत कुठल्यातरी पडक्या घराखाली बेवारशी सापडली असेल. पहिल्यांदा तो कोरा समास पाहून त्याला आनंद झाला होता. नंतर नंतर तो पाकीट उघडायचंच चार-चार दिवस टाळायचा.

आणि जिला माहीत होतं ती बोलत नव्हती. ओर्तांस तेव्हा दहा वर्षांची, सगळं पाहणारी, सगळं कळणारी. आईचा चेहरा, आवाज, त्या मंगळवारी दारात उभं राहून ती काय म्हणाली, कुणी न्यायला आलं होतं का, त्या आधी भांडण झालं होतं का, हे सगळं त्या एका डोक्यात होतं, आणि त्या डोक्यानं जन्मभर कडी लावून घेतली होती. शाळेच्या खानावळीत छत्तीस वर्षं मुलांना वाढण्यात तिचं आयुष्य गेलं, लग्न केलं नाही. ल्युसियाँनं विसाव्या वर्षी विचारलं, तिसाव्या वर्षी विचारलं, बायको गेली तेव्हा विचारलं. 'गेली. संपलं. बटाटे घे,' एवढंच उत्तर. एकदा फार खनपटीला बसला तेव्हा ती म्हणाली होती, 'तुला गाणी लिहायला मिळाली ना तिच्यावर? मग झालं तर. मला काय मिळालं?' त्यानंतर तीन वर्षं त्यानं विषय काढला नाही. मग गेल्या वर्षीच्या वसंतात तिच्या डोक्यातला माल इकडचा तिकडे व्हायला लागला. शेजारणीचं नाव विसरली, गॅस चालू ठेवला, एकदा त्यालाच बाबा म्हणून हाक मारली. पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात तिची सोय केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून तसं बरंच शाबूत आहे, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. ल्युसियाँला भीती वाटली ती बहिणीसाठी की त्या कडी लावलेल्या खोलीसाठी, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

सिनेमा तेव्हा अर्धा लिहून झाला होता. लिहिताना त्यानं शेवट जसा घडला तसाच ठेवला होता: बाई जाते, पाटी उलटी होते, मुलगी अॅप्रन बांधते, अंधार. दिग्दर्शक तिबो चौतिशीचा, हुशार पोरगा, त्याला तो शेवट भलताच आवडला होता. आता जो तो समजत होता की निर्मात्या बाईंनी दटावून गोड शेवट करायला लावला. आजच्या दोन पेपरांनी तसं लिहिलंही होतं. पण मादाम व्हेर्द्ये बिचारीनं अक्षर काढलं नव्हतं. एका रविवारी दुपारी ल्युसियाँ टेबलाशी बसला आणि उठला तेव्हा अकरा पानं झाली होती. चौदा जुलै, राष्ट्रीय सणाचा दिवस, हॉल बंद पडायच्या बेतात, आणि लिलियान बोटीतून परत येते, दगडी पायऱ्या चढते, फळ्यांवर तिची टाच वाजते, सगळा काठ गायला लागतो. लिहिताना तो ढसाढसा रडला होता. तिबोनं ती पानं वाचून विचारलं होतं, "तुमची खात्री आहे? आधीचा शेवट सोन्यासारखा होता." "लोकांना हेच हवं असतं," ल्युसियाँ म्हणाला होता आणि लोकांच्या नावावर पावती फाडून मोकळा झाला होता. पण त्यात त्याचा एक डावही होता, तो त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. ओर्तांस हा शेवट पाहील. ती खवळेल. खोटं तिला जन्मात खपलं नाही. ती म्हणेल, 'काय हा चावटपणा! असं कुठे झालं होतं?' आणि एकदा असं झालं नव्हतं म्हटलं की कसं झालं होतं ते तोंडातून बाहेर पडेल. रागाच्या भरात का होईना, दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांसाठी त्यानं सिनेमा बिघडवला होता.

गेल्या रविवारी ज्वँव्हिलच्या थिएटरात खास खेळ झाला. चित्रीकरण तिथलंच, म्हणून पालिकेनं वृद्धाश्रमाच्या म्हाताऱ्यांना छोट्या बसमधून आणलं होतं. ल्युसियाँ मागे दाराशी उभा होता. दुसऱ्या रांगेत ओर्तांसचा पांढरा अंबाडा दिसत होता, ताठ. बोट काठाला लागली आणि तो अंबाडा जराही हलला नाही. दिवे लागायच्या आत ल्युसियाँ बाहेर पडून स्टेशनवर आला होता, चोरासारखा. सोमवारी फोन केला नाही, मंगळवारी केला नाही. ती काय बोलेल याची सत्तर वर्षं वाट पाहिलेला माणूस आता तीन दिवस तिच्यापासून तोंड लपवत होता.

आज दुपारी दोनच्या खेळाला त्यानं मादाम व्हेर्द्येंबरोबर शहराच्या मध्यावरच्या मोठ्या थिएटरात असायला हवं होतं. बुधवारचा दोनचा खेळ म्हणजे या धंद्यातली नाडी. पॅरिसमध्ये किती खुर्च्या भरल्या यावरून सिनेमा किती आठवडे जगणार हे तीन वाजेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. निर्माते तिथे बाहेरच्या दालनात दवाखान्याबाहेर उभे असल्यासारखे येरझाऱ्या घालतात. ल्युसियाँ घरून निघाला तेव्हा तिकडेच निघाला होता. पण स्टेशनच्या जिन्यात पोचल्यावर त्याचे पाय उलट्या दिशेच्या फलाटाकडे वळले. या सिनेमात कुणी जातच नाही. ठीक आहे, मग एकदा विचारून तरी घेऊ. गाडीत तो खिडकीशी बसला आणि बाहेरचं काहीही न पाहता, तिच्याशी काय बोलायचं याची वाक्यं जुळवत राहिला. गाण्याची ओळ त्याला कधी एवढी अवघड गेली नव्हती.

ज्वँव्हिलच्या पुलावर पोचला तोच फोन वाजला. खाली मार्न ऑक्टोबरची, मळकट, संथ. जिथे हॉल होता तिथे आता होड्यांच्या क्लबचं आवार होतं.

"कुठे आहात तुम्ही?" मादाम व्हेर्द्ये ओरडल्या. "मी इथे एकटी जीव मुठीत धरून उभी!"

"जरा काम निघालं. किती?"

"धड पडला नाही, धड उभा राहिला नाही. म्हातारी माणसं आहेत, पण आहेत. एक आजोबा पहिल्याच गाण्याला उभे राहून टाळ्या वाजवत होते. तरुण पोरं दोन होती, ती मध्येच उठली. अहो, पण आवाज का असा येतोय तुमचा? पेपर वाचलेत ना? मनाला लावून घेऊ नका. ते लोक जेवण आवडलं तरी मिठाला नावं ठेवतात."

"एकानं बरोबर लिहिलंय," ल्युसियाँ म्हणाला, पण तोवर त्यांना दुसरा फोन आला होता.

वृद्धाश्रमाच्या दारातच आमिनाता भेटली. आफ्रिकेतल्या मालीहून आलेली ही धिप्पाड, हसरी बाई ओर्तांसच्या मजल्यावरच्या सगळ्यांचं नहाणं-खाणं बघायची आणि सगळ्यांना दटावायची.

"आलात का? मला वाटलं मोठे झालात, आता आम्हाला ओळखणार नाही."

"कशी आहे?"

"कशी आहे म्हणजे? मंतर घातलात तुम्ही त्यांच्यावर. रविवारपासून बोलतायत, मस्यू ल्युसियाँ! दीड वर्षात मी त्यांच्याकडून हो-नाही-चूप याच्यावर चौथा शब्द ऐकला नव्हता. आता मला सगळं सांगतात. नदी, नाच, तुमची आई. काल दोनदा सूप मागून घेतलं."

"आईबद्दल बोलते?"

"दुसरं काय बोलतात! जा, जा वर. साडेतीनला खाऊ आणते दोघांना."

जिना चढताना मधल्या पायरीवर तो कठड्याला धरून थांबला. कडी निघाली होती. इतक्या सहज. त्याला लहान मुलासारखं पळत वर जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इथूनच मागे फिरावंसंही वाटलं.

ओर्तांस खिडकीशी बसली होती. गुडघ्यांवर शाल, केस नीट विंचरलेले. त्याला पाहून तिनं भुवया वर केल्या. त्या भुवया तरी जुन्याच होत्या.

"आलास? तीन दिवस कुठे तोंड काळं केलं होतंस?"

"कामात होतो गं."

"कामात! पळालास तू. मी मागे वळून पाहिलं तर दार हलत होतं. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडकाय. पलंगावर बस."

तो पलंगावर बसला. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. असं तिनं बहुधा लढाई संपल्यापासून केलं नव्हतं. तिचा हात कोरडा आणि ऊबदार होता.

"रागावली नाहीस?" त्यानं विचारलं.

"रागावू कशाला? छान दाखवलंस. बाबांना जरा जास्तच देखणं केलंस, पण असू दे." ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. "मी विसरलेच होते रे. एवढी मोठी गोष्ट, आणि माझ्या ध्यानातून पार गेली होती. ती बोट दिसली आणि एकदम सगळं आठवलं."

"काय आठवलं?"

"आई आली ते. पायऱ्या चढून. चौदा जुलै होता, पताका लावल्या होत्या. मी पुढे धावले. आणि तू!" ती हसायला लागली. म्हातारपणचं, आवाज न करणारं हसणं. "तू तिला ओळखलंच नाहीस. गिऱ्हाईक समजून लिंबाचं सरबत नेऊन दिलंस."

सरबताचा तो प्रसंग ल्युसियाँनं शूटिंगच्या आदल्या दिवशी लिहिला होता. तिबोला तिथे काहीतरी हलकंफुलकं हवं होतं, म्हणून.

"ओर्तांस," तो सावकाश म्हणाला, "ते सिनेमात आहे."

"सिनेमात आहेच. झालं तेच दाखवलंस ना तू?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे स्वच्छ होते. कपाळावरची ती उभी आठी, जिच्याशिवाय त्यानं बहिणीला कधी पाहिलं नव्हतं, ती पुसली गेली होती. त्याच्या मनात आलं, आताच बोललं पाहिजे. मग वाटलं, थांबावं. खोट्याच्या खाली कुठेतरी खरं असेल, हळूहळू हात घालावा.

"आई दिसायची कशी गं?" त्यानं विचारलं. पन्नास वर्षं विचारत आलेला प्रश्न.

"आता कशी म्हणजे? गोड. हसली की गालाला खळी पडायची, डाव्या. केस असे कानामागे." तिनं स्वतःच्या पांढऱ्या केसांची बट कानामागे सारून दाखवली. सेटवर क्लेमांस हेच करायची, दर दोन मिनिटांनी, आणि केशभूषाकार बाई तिच्या नावानं बोटं मोडायची. खळीही क्लेमांसचीच होती.

ल्युसियाँला फार थकल्यासारखं वाटलं. त्या कडी लावलेल्या खोलीत त्यानं स्वतःच्या हातानं सगळं नवं सामान नेऊन भरलं होतं, आणि जुनं कुठे गेलं हे आता तिलाही ठाऊक नव्हतं. तो पांढुरका डाग आता कायमचा डागच राहणार होता. रडू आलं तर तिला काय सांगायचं याचा तो विचार करू लागला.

"एक सांगायचंय तुला," ओर्तांस म्हणाली. "परवापासून सांगीन म्हणते. आता सांगायला हरकत नाही."

"सांग."

"तिची पत्रं यायची."

त्याला वाटलं, सिनेमात पत्रं कुठे आहेत? त्यानं भराभर सगळे प्रसंग आठवून पाहिले. पत्रं नव्हती. एकाही मसुद्यात नव्हती.

"कधी?"

"ती गेली त्या हिवाळ्यात. मग पुढच्याही. बाबांच्या हातात पडू नयेत म्हणून मी पुलावर जाऊन उभी राहायची, पोस्टमन सायकलवरून उतरायचा तिथे. एक डोळा बारीक होता त्याचा. 'घे गं छोट्या मालकीणबाई,' म्हणायचा. सहा आली. नाही, सात. तीन तुझ्या नावाची होती. तुझं नाव मोठ्ठ्या, सुट्या अक्षरांत काढलेलं, शाळेतल्या पाटीवर काढतात तसं. तू नुकता वाचायला शिकत होतास ना."

"कुठेत ती?"

"जाळली. चुलीत. सूप चढवायच्या आधी."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. कपांचा किणकिणाट पार बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

"काय लिहिलं होतं त्यांत?"

"मला काय माहीत? मी उघडलीच नाहीत. उघडली असती तर रडू आलं असतं, आणि मला तुझं जेवण करायचं होतं." तिनं हे अगदी सरळ सांगितलं, आज जेवायला काय होतं ते सांगावं तसं. "मला वाटायचं, तिला उत्तर मिळालं नाही की ती घाबरेल आणि धावत येईल. दहा वर्षांची होते रे मी. अकरा. मग पत्रं यायची बंद झाली. ती काही आली नाही. मग लढाई लागली. जन्मभर माझ्या मनात हेच, ल्युसियाँ, की ती माझ्यामुळे आली नाही. तू विचारायचास आणि मी बटाटे पुढे करायची. वाटायचं, कळलं तर हा पुन्हा माझं तोंड बघणार नाही. आणि परवा ती बोट दिसली." तिनं त्याचा हात दाबला. "आली होती की ती. उगीच मी एवढी वर्षं जिवाला लावून घेतलं."

"पाकिटावर शिक्का कुठला होता?" त्याचा आवाज त्याला स्वतःला लांबून ऐकू आला. "आठव, ओर्तांस. तिकीट? गावाचं नाव?"

तिनं डोळे बारीक केले. खरोखर प्रयत्न केला. ओठ हलले. एक क्षण तिच्या कपाळावर ती आठी उमटायला लागली, सत्तर वर्षांची, आणि ल्युसियाँला दिसलं की आणखी एकदा विचारलं तर ती पुरती उमटेल, आणि तिच्यामागून सगळं येईल, चूल, पुलावरचा पोस्टमन आणि कधीही न आलेली बाई. कदाचित एखाद्या गावाचं नावही येईल. त्याच्या ओठांवर प्रश्न तयार होता.

"का?" तिनं घाबरून विचारलं. "आता काय करायचंय त्याचं? रागावलास तू?"

"नाही गं."

"खरं सांग."

"कशाला रागावू? आली ना ती."

आठी विरघळली. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिनं डोळे मिटले. झोपली असं वाटून तो हात सोडवून घेणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"सरबत प्यायली का रे ती? तेवढं काही मला आठवत नाही."

सिनेमात ते नव्हतंच. मुलगा पेला पुढे करतो आणि सगळा काठ गाऊ लागतो, तिथेच तिबोनं दृश्य तोडलं होतं.

"प्यायली," ल्युसियाँ म्हणाला. "सगळं. आणि आणखी मागितलं."

"अगं बाई," ओर्तांस डोळे न उघडता म्हणाली, "मग तू दिलंस?"

"दिलं," तो म्हणाला, आणि ती कशी उभी होती, पेला तिनं कुठल्या हातात धरला होता, ते तिला सांगू लागला.